टाचणीबाईंची दुरुस्ती

आमच्या शाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं एकच बाई बसल्या. आम्ही त्यांना टाचणीबाई म्हणायचो, कारण कागदाला टाचणी आणि माणसाला बोल, दोन्ही त्या नेमक्या जागी टोचायच्या. विद्यार्थ्यांच्या मुख्य रजिस्टरमध्ये त्यांनी कधी खाडाखोड होऊ दिली नाही. एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी भाच्याचं वय वर्षभराने कमी करायला सांगितलं, तर बाईंनी पेन त्यांच्याच हातात दिलं. "तुम्ही खोडा. कुणी विचारलं तर अक्षर कुणाचं ते मी सांगेन." अध्यक्ष आल्या पावली परत गेले.

मी त्याच शाळेत भाषा शिकवतो, आणि या गोष्टीत माझी बाजू काही अभिमानाची नाही.

शिंप्याची धाकटी माझ्या वर्गात होती. तेव्हा सगळे तिला शिंप्याचा धाकटा म्हणत. निबंधात ती वाक्यं अर्धी सोडायची. 'सकाळी लवकर उठणे. मग शाळा.' मी दर वेळी तांबडी रेघ मारून खाली लिहायचो, 'वाक्य पूर्ण करा.' माझं हे पालुपद शाळाभर माहीत होतं. आपल्या भाषेत 'मी उठतो' नाहीतर 'मी उठते', यातलं एक लिहावंच लागतं. ती ते का टाळते, हे व्याकरणाच्या मास्तरला दोन वर्षं कळलं नाही. याची मला आजही लाज वाटते. टाचणीबाईंना मात्र कळलं होतं. ती दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही हे पाहून त्यांनी कार्यालयामागच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिला केव्हाच देऊन ठेवली होती.

शेवटच्या वर्षी शिंपी सरकारी प्रमाणपत्र घेऊन आला. त्यावर तिचं नवं नाव होतं आणि पुढे 'मुलगी' असं लिहिलं होतं. परीक्षेचे अर्ज शनिवारी जाणार होते, आणि रजिस्टरात असेल तेच नाव जन्मभर गुणपत्रिकेवर राहणार होतं. अर्जावर जुनंच नाव गेलं तर परीक्षेला बसणार नाही, असं तिने घरी सांगून टाकलं होतं.

मुख्याध्यापकांनी शिंप्याला, त्याच्या धाकटीला आणि मला कार्यालयात बोलावलं. "ते पोरगं हुशार आहे, मान्य. पण रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. बाई, हा तुमचाच नियम ना? मी दाखला देतो, दुसऱ्या शाळेत घाला त्याला."

बाई उठल्या. "साहेब, ते कपाट. ते टेबल. तो पंखा, फिरत नाही तो. आणि ही ती. मुलगी आहे, सामान नाही."

मग त्यांनी फाइलमधून एक परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. "प्रमाणपत्र आणलं की शाळेने नोंद बदलायची, आणि या कारणावरून कुणाला काढायचं नाही, असा कायदा आहे. पोच म्हणून सही तुमचीच आहे. आणि खाडाखोड लपवण्यासाठी करतात साहेब. दुरुस्तीखाली सही असते."

"पालक गोंधळ घालतील. शाळेचं नाक कापलं जाईल."

"एवढ्याने कापलं जात असेल, तर नाक होतं तरी केवढं?" बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "सही करणार नसाल, तर 'करत नाही' असं कारणासकट लिहून द्या. टाचणी माझ्याकडे आहे."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "मास्तर, वर्गशिक्षक तुम्ही. तुमचं काय म्हणणं?"

"म्हणजे... तसं पाहिलं तर..." मी फरशीकडे बघत म्हणालो.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "वाक्य पूर्ण करा."

शिंप्याची धाकटी माझ्याकडे बघत होती. मी मान वर केली. "ती माझी विद्यार्थिनी आहे," मी म्हणालो. "माझ्याच वर्गात राहील."

बाईंनी तांबड्या शाईने जुन्या नावावरून एकच सरळ रेघ मारली, वर नवं नाव लिहिलं, तारीख घातली आणि रजिस्टर साहेबांकडे फिरवलं. त्यांनी सही केली. जरा जोरातच केली, पण केली.

पेनाला टोपण लावता लावता ते तिला म्हणाले, "बघ हं. दाखला घेऊन जाणं तुलाच सोपं पडलं असतं."

ती बापाच्या मागून पुढे आली.

"मी कुठेही जात नाही, सर. मी इथूनच परीक्षेला बसते."

वाक्य पूर्ण होतं.