मेट्रनबाईंचा एक धड फोटो

आमचे काका नोकरीत होते तोवर दुकानदार त्यांना टरकून असायचे. काका वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर. पारडं केसभर झुकलं तरी त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि एकदा दिसलं की मग कितीही गोड बोला, गडी बधायचा नाही. दाणाभर सूट न देणारा हा माणूस घरात मात्र बिनदिक्कत खोटं बोलायचा, तेही एकाच विषयावर. एखादा कॅमेरा किंवा लेन्स घरात आली की चेहरा अगदी साळसूद करून म्हणायचे, "ही होय? ही जुनीच आहे. तू विसरलीस."

आता त्यांच्या कॅमेऱ्यांचं वय बघता हे अगदीच खोटं होतं असंही नाही. लेन्स माझ्या जन्माच्या आधीची असायची, फक्त आमच्या घरात ती कालच आलेली असायची.

हे ऐकून घ्यायला समोर असायची माझी मावशी, म्हणजे काकांची बायको. ती मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन. तिच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या चादरी आपोआप ताठ होतात, असं तिच्या हाताखालच्या नर्स म्हणायच्या. अशी बाई नवऱ्याच्या या थापा निमूट ऐकून घेते, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला फुकटात सगळा तमाशा बघायला मिळतो.

काकांना वेड रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचंच नसतं. बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन दिसतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. मग लेन्सवरची कडी हळूहळू फिरवायची. दोघांचा एक झाला की फोकस झाला. काका हे काम इतक्या निगुतीने करतात की तेवढ्यात समोरचं मूल रडून, गप्प होऊन, झोपूनही जातं. "हं, जुळतंय," असं ते पुटपुटतात आणि आम्ही सगळे श्वास धरून मेणाचे पुतळे होतो. आमच्या घराण्यातल्या फोटोंत एकजात सगळे कंटाळलेले दिसतात, त्याचं कारण हे.

पण खरं सांगायचं तर काका फोटो काढतच नाहीत. ते तपासतात. लेन्स घरात आली की मावशीला खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवायचं, तिच्या डाव्या पापणीवर फोकस करायचा, बाथरूमला काळा पडदा लावून फिल्म धुवायची आणि मग भिंग लावून कोपरे न्याहाळायचे. लग्नानंतर पहिल्यांदा असं बसवलं तेव्हा मावशी लाजली होती. काका भिंगातून बघत म्हणाले, "पापणी काय सुरेख आलीय." मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच पुढचं वाक्य आलं, "कडा मात्र जरा मऊ आहेत." तेव्हापासून ती बसताना काहीतरी काम हातात घेऊनच बसते. बटणं लावते, भाजी निवडते, आणि सोबत काकांची खरडपट्टीही काढते. नापास झालेल्या लेन्सचे फोटो काका फाडून टाकत. पास झालेल्यांचे कोपरे कापून ठेवत. मधली मावशी कचऱ्यात जायची.

हे सगळं अंगाशी आलं ते मावशी निवृत्त व्हायच्या सुमाराला. हॉस्पिटलच्या जिन्यात आजवरच्या सगळ्या मेट्रनचे फोटो लावलेले आहेत. निरोपाच्या समारंभात मावशीचाही लागायचा होता. ऑफिसातून फोटो मागितला, मावशीने घरभर शोधला आणि तिच्या लक्षात आलं की तिचा एकही धड फोटो नाही. मग ती काकांच्या कॅमेऱ्यांच्या कपाटासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली. ती आवाज चढवत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

"घरात कपाटभर कॅमेरे, आणि मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन बसू? समारंभाच्या आत माझा एक फोटो काढा. नाही जमलं तर हे कपाट रिकामं करायचं. मला पुस्तकं ठेवायला जागा हवीच आहे."

काका हसले. एवढंच ना, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी कडक इस्त्रीचा गणवेश घालून बसली आणि बसल्या क्षणी ती मावशी राहिली नाही, तपासणीला आलेली मेट्रन झाली. आता ही आपल्याला सुई टोचणार असा चेहरा. काकांनी लेन्स बदलली. दुसरा कॅमेरा काढला. "जरा हस," म्हणाले, तर तिने दाताच्या डॉक्टरला दाखवतात तसे दात दाखवले. मला मागे उभं राहून विनोद सांगायला लावलं. मावशीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढे काय झालं, असं विचारलं. माझा विनोद तिथेच संपला होता. रोज संध्याकाळी बाथरूम बंद, रोज नवे फोटो दोरीवर. सगळे अगदी नेमके, पापणीन् पापणी मोजून घ्यावी असे, आणि एकातही माझी मावशी नाही.

समारंभ दोन दिवसांवर आला तेव्हा काका माझ्याकडे वर आले. चहा तसाच ठेवला. मला वाटलं कपाट जाणार म्हणून जीव वरखाली होतोय, म्हणून मी थोडी चेष्टा केली. त्यांनी ती कानाआड केली.

"कपाट गेलं तर गेलं," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसली, आणि मला तिचा फोटो काढता येत नाही. म्हणजे मी बघत काय होतो?"

या माणसाला मी कधी असं पडलेल्या तोंडाने बघितलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि आपण चेष्टा केली याचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणायला गेले. मावशी घरच्या साडीत बसून उशांचे अभ्रे टाचत होती. काका बाहेरून आले, हातात तपकिरी कागदाचं पुडकं. तिच्यासमोरच त्यांनी ते सोडलं, आतली लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि म्हणाले, "नवीन घेतली. जरा बस, तपासतो."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हा माणूस आपल्या पायाने खड्ड्यात उतरत होता.

मावशीचा तोल सुटला. कपाट रिकामं करायला सांगितलं तर भर कसली घालता, इथपासून सुरुवात झाली. पण गंमत अशी की बोलता बोलता ती उठली आणि सवयीने खिडकीशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली, अभ्रा हातात, सुई तशीच. काका कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघत कडी फिरवत होते. मावशी लेन्सकडे बोट रोखून, पेन्शनपासून अडगळीपर्यंत सगळं ऐकवत होती. मध्येच तिचं बोट हवेत थांबलं. ती लेन्सकडे टक लावून बघत राहिली. मग पुन्हा बोलायला लागली, तेच शब्द, तोच दम, पण चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यात बारीकसा टक्क आवाज आला.

दुपारी तो फोटो बघायला आम्ही तिघं बाथरूममध्ये दाटीवाटीने उभे होतो. ओल्या कागदावर मावशी होती. भुवया रागावलेल्या, बोट उगारलेलं, आणि ओठांच्या एका कडेला हसू फुटायच्या बेतात. वॉर्डात ही बाई आली की रोग्यांना भीतीही वाटत असेल आणि बरंही वाटत असेल, ते दोन्ही त्यात होतं. गणवेश नव्हता, टोपी नव्हती, पण जिन्यातून जाणाऱ्या कुठल्याही नर्सने आपसूक पदर सावरला असता असा तो फोटो.

मावशी बराच वेळ बघत राहिली आणि हाच द्या म्हणाली.

काका अवघडले. खोटं पचवायची सवय असलेला माणूस, पण हे त्यांच्या घशात अडकलं होतं. "एक सांगायचंय," ते म्हणाले. "ती लेन्स नवीन नाही. कपाटातलीच आहे."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "तिची पुढची कड एका बाजूला चेपलेली आहे. लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा बसवलंत ती हीच. तुम्ही लेन्सच्या मागे असता, मी पुढे. तुमची प्रत्येक लेन्स मी तोंडावरून ओळखते. आणि कुठली खरंच जुनी होती, कुठली नव्हती, तेही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळ्या जुन्या थापा त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत असणार. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मग तिथल्या तिथे बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? आजवर तुम्ही या लेन्ससाठी खोटं बोलायचात. आज पहिल्यांदा माझ्यासाठी बोलत होतात."

काका चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.