दहा दिवसांची शांती

"तोंड भिंतीकडं कर वो बाई. मॅडमचा एकांत मोडते."

व्यवस्थापक हे बोलला तेव्हा माझ्या एका हातात फिनेलची बादली, दुसऱ्या हातात संडासाचा ब्रश. समोरून पांढऱ्या कपड्यांतल्या एक बाई येत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या गेल्या. मग मी त्यांचाच संडास घासायला गेले.

अमरावतीहून मूर्तिजापूरकडे जाताना शेतात हे ध्यानकेंद्र आहे. मोठ्या शहरांतली माणसं तिथं दहा दिवस मौन धरायला येतात. मी सफाईला होते. दिवसातून वीसदा भिंतीकडे तोंड. माझ्या आजीलाही गावात असंच बाजूला व्हावं लागायचं. तेव्हा विटाळ म्हणायचे, आता एकांत म्हणतात.

यांच्या आत्म्याचं मला माहीत नाही, न्हाणीघराचं माहीत आहे. जाळीत केसांचे पुंजके, कोपऱ्यात फेकलेले पॅड, कमोडमध्ये तसंच सोडलेलं. मौनात फ्लशसुद्धा ओढायचा नसतो की काय! किळस यायची. घाणीची नाही, घाणीत माझा जन्म गेला. ती करून डोळे मिटून बसणाऱ्यांची.

एकांत मीही पाहिला. कोरोनात मला गावच्या शाळेत चौदा दिवस एकटीला ठेवलं होतं. फाटकाशी भाकर ठेवून माणसं पळायची. चार दिवस नुसती रडले. मग एका दुपारी सतरंजीवर बसल्या बसल्या लक्षात आलं, सकाळपासून मला कोणी काम सांगितलेलं नाही. कोणाची मोलकरीण नाही, कोणाची सून नाही. नुसती मी. आतून गार वाटलं. देव असेल तर तेवढाच असेल. आणि त्यासाठी मी कोणाला भिंतीकडे वळवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. सगळे सभागृहात अनुभव सांगायला बसले. मी उष्टे कप उचलत होते. त्याच पांढऱ्या कपड्यांतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "दहा दिवस मला एकही माणूस दिसला नाही. एवढी शांती आयुष्यात मिळाली नव्हती."

टाळ्या वाजल्या.

मी कप खाली ठेवले. "मी होती न तिथं, बाई. तुमचा संडास कोनं धुतला मंग?"

व्यवस्थापक धावत आला. "चूप राय! काहून बोलून राहिली?"

मी जागची हलले नाही. बाईंची मान खाली. त्या वर पाहीपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले.

काम त्याच दिवशी गेलं. आता दुसरीकडे झाडते. कामाला लागतानाच सांगते, संडास धुईन, पण समोरून कोणी आलं तर त्याच्या डोळ्यांत पाहीन. चालत असेल तर ठेवा.