मला बरोबर अर्धं फिरवायचं होतं

आमची लेक कसलं कॉम्प्युटर शिकते असं कुणी विचारलं, की मी काहीतरी काम काढून आत जाते. पण ते कॉम्प्युटर चुकतं कसं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. हे म्हणाले, "आधी मला समजंल असं सांग, मग पाठवतो." त्या वर्षी पाऊसच नव्हता. शेतं मोडून पाडलेल्या आमच्या नव्या प्लॉटिंगात टँकर यायचा. चितेगावच्या कंपनीतून सुट्टी काढून हे त्याचीच वाट बघत बसले होते.

लेकीनं मला दाराकडं तोंड करून उभं केलं. "पप्पा, आई म्हणजे क्युबिट, क्वांटम कॉम्प्युटरचा एक बारीक दाणा. हिला बरोबर मागच्या भिंतीकडं फिरवा. जरा कमी-जास्त झालं की गणित चुकलं."

लेकीसमोर ह्यांनी मला कधी हात लावलेला नाही. मी पदर तोंडात धरला. ह्यांनी दोन बोटं खांद्याला टेकवली, जसं काही मी तापलेला तवाच. मी हळूहळू वळायला लागले. निम्म्यात भोंगा वाजला आणि मी हंडा घेऊन पळाले. टँकर पलीकडच्या गल्लीतला निघाला, तशी परत येऊन उभी राहिले.

"चुकलं!" लेक टाळ्या पिटत ओरडली. "जोर कमी, म्हणून वेळ लागला. तेवढ्यात बाहेरच्या गडबडीनं क्युबिट बिघडला."

"मंग लावतो जोर," म्हणत ह्यांनी असं ढकललं, की भिंत राहिली बाजूला आणि मी स्वयंपाकघरात पाण्याच्या रिकाम्या टिपाडावर आदळले. ढम्म! हसून हसून मला उठवेना.

"हे बी चुकलं! लई जोर लावला की क्युबिट भलत्याच खोलीत जातो. आणि त्याला फिरवणाऱ्या यंत्राच्या जोराला हद्द असते, पप्पा. तो जोर झटक्यात चढत नाय, झटक्यात उतरत नाय. त्या हद्दीत राहून नीट कसं फिरवायचं, तेच मला शिकायचंय."

ह्यांनी माझे दोन्ही हात धरले, फुगडीला धरतात तसे. आधी हळू, मधे जोर, मग पुन्हा हळू. मी बरोबर भिंतीसमोर थांबले. डोकं गरगरत होतं, फिरण्यानं की कशानं, देव जाणे.

"समजलं का, पप्पा?"

"व्हय, समजलं. जा तू पुण्याला."

"मग आईचे हात सोडा की आता!"

"थांब गं," हे म्हणाले, "एकदाच बरोबर आलंय. परत येतं का बघू दे."