पाच व्हायल

"पाच लिहिलंय ना? मग पाच. मोजता येतं, की तेही सवलतीत?"

डॉक्टर हे मोठ्यानं बोलले. वॉर्डात सहा खाटा. सहाही खाटांवरची माणसं, त्यांचे नातेवाईक, फरशी पुसणारी मावशी, सगळ्यांनी ऐकलं. माझ्या हातात औषधाचा खोका होता. त्यांनी तो ओढून घेतला, उलटसुलट केला आणि माझ्या अंगावर टाकला. खाली पडला. मी वाकून उचलला.

खोका कशाचा होता ते आधी सांगते. त्यातल्या एका खाटेवर कोगनोळीकडची एक बाई होती. शेतकरी घरातली, साठीच्या आसपासची. साखरेचा आजार. त्यात नाकातून बुरशी आत शिरून डोळ्यापर्यंत गेलेली. अशा बुरशीवर शिरेतून द्यायचं औषध आहे आणि ते दोन प्रकारांत येतं. एक साधं, दुसरं चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेलं. मूळ नाव एकच. दोन्ही पिवळी पूड. छोट्या काचेच्या बाटलीवर, म्हणजे व्हायलवर, आकडाही एकच, पन्नास मिलिग्रॅम. पण पन्नास किलोच्या माणसाला गुंडाळलेल्याच्या पाच व्हायल दिवसाला चालतात आणि साध्याची एक. साध्याच्या पाच घातल्या तर हृदय बंद पडू शकतं. हे खोक्यावर छापलेलं असतं.

डॉक्टरांच्या मनात गुंडाळलेलं होतं. चिठ्ठीवर मात्र त्यांनी नुसतं मूळ नाव लिहिलं आणि पुढं पाच. आमच्या दवाखान्याच्या दुकानात औषध संपलेलं. बाईंचा मुलगा, त्याला सगळे आप्पा म्हणत, गाडी काढून कोल्हापूरला गेला आणि मिळालं ते बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आला. साधं मिळालं. त्यात त्याची काय चूक?

मी खोका वाचला आणि एवढंच म्हणाले, "सर, हे साधं आहे. याच्या पाच चालत नाहीत."

त्यावर ते सगळं. मग ते आप्पाकडं वळले. "घाबरू नका हो. ह्या मुली पस्तीस टक्क्यांवर सिस्टर होतात आणि खोका वाचून आम्हाला डॉक्टरकी शिकवतात." आणि मला, "सॉरी म्हण त्यांना. घाबरवलंस."

मी आप्पाला सॉरी म्हणाले. हात जोडून म्हणाले. ते जोडलेले हात मला अजून दिसतात आणि माझीच मला किळस येते.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरी आली की तिच्या पदरातून तंबाखूचा खकाणा उडायचा आणि आम्ही भावंडं शिंकत बसायचो. आमच्या गल्लीत पहिली नर्स झाली ती आक्का. आमच्यातलीच. तिनंच आईला सांगितलं, "पोरगीला नर्सिंगला घाल. पुढचं माझ्यावर सोड." फॉर्म तिनं भरला. पहिला पांढरा ड्रेस तिनं शिवून दिला. बेळगावच्या त्या दवाखान्यात मला चिकटवली तीही तिनंच.

आणि हे औषधसुद्धा तिनंच शिकवलं होतं. "ह्ये लई वाईट जनावर हाय, पोरी," म्हणायची. "आधी सलाईन सोड, म्हंजी किडनीला जरा आधार. पर ह्या औषधाला सलाईन लावायचं न्हाय, नासतंय. डेक्स्ट्रोजमधीच मिसळ. घाई करू नगंस, तासन् तास जाऊ दे. रोजचं रगत बघ, किडनी बघ, पोटॅशियम बघ. आन समद्यात आधी खोका वाच. तीनदा वाच. कुनी कायबी म्हनू दे."

कुणी काहीही म्हणू दे. हे तिचे शब्द.

त्या दुपारी ती माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलेल. तीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर, डॉक्टर तिला अहोजाहो करतात. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही भरा हो, हिला बाजूला करा." आक्कानं माझ्या हातातून खोका घेतला. तिनं तो वाचला. मी बघत होते, तिनं वाचला. मग एकेक करून पाचही व्हायल फोडल्या.

आमच्याकडं एक रीत होती. महाग औषधाच्या रिकाम्या व्हायल नातेवाइकांच्या हातात मोजून द्यायच्या. कारण सिस्टर औषध चोरून विकतात, असा समज. रोज चोर असल्यासारखं उभं राहून मोजून द्यायचं. त्या दिवशी आक्कानं पाच व्हायल आप्पाच्या हातात दिल्या. त्यानं त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवल्या.

मी काय केलं? नोंदवहीत लिहिलं, 'औषधाचा प्रकार वेगळा असल्याचे डॉक्टरांना दाखवले.' वेळ घातली. सही केली. आणि गप्प बसले. सॉरी म्हणाले तेव्हाच मी त्या बाईला सोडलं होतं. हा माझा गुन्हा. तो कुणाच्या माथी मारत नाही.

तासाभरात बाईंना थंडी भरली. दात वाजायला लागले. मी डॉक्टरांना फोन केला. "या औषधानं थंडी वाजतेच. पांघरूण घाल, चालू ठेव." मग नाडी चुकायला लागली. एक ठोका, मग नाहीच, मग तीन एकदम. बाईंनी माझं मनगट धरलं. "बाळ, छातीत कायतर व्हतंय गं."

मी ड्रिपची चकती ओढून बंद केली. कुणाला विचारलं नाही. आक्का ओरडली, "आगं, त्येंनी सांगितल्याबिगार?" मी नळी काढून हातातच धरून उभी राहिले.

बाई जगल्या. पण आयसीयूत गेल्या आणि किडनी बसली. डायलिसिसवर घ्यावं लागलं.

चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, डॉक्टर आणि आक्का. तिघांसमोर चहा. मला बस म्हणालं नाही कुणी. पुढं कागद सरकवला. इंग्रजीत होता, पण मला वाचता येतं. 'औषध बदलल्याचे मी डॉक्टरांना कळवले नाही.' खाली माझ्या सहीची जागा. त्याच्याखाली साक्षीदार म्हणून सही झालेली. आक्काची.

मी नोंदवही मागितली. माझं पान नव्हतं. त्या जागी दुसरं पान, त्याच दिवसाचं, गोल गोल अक्षरात. ते अक्षर मी कुठंही ओळखीन. ते गिरवूनच मी केसपेपर लिहायला शिकले.

"आक्का, मी खोका दाखवला. तुमच्यासमोर."

"मला न्हाय आठवत." ती चहाकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "सही कर गं. माझ्या नोकरीची दोन वरसं ऱ्हायल्यात. तू तरणी हाईस, कुठंबी लागशील."

डॉक्टरांचं मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. टिळकवाडीच्या बंगल्यातनं येणाऱ्या माणसाकडून मी कधी कसली आशा धरली नव्हती. पण आक्कानं मला आईकडून मागून घेतलं होतं. मला वर काढलं ते बहुतेक कधीतरी असं पुढं ढकलायला कुणीतरी लागेल म्हणून, असं मनात आलं. तोंडात मारल्यासारखं झालं. आणि डोकं एकदम थंड झालं.

"सही करणार नाही."

"बेळगावात तुला कोण कामावर घेतो ते बघतो," डॉक्टर म्हणाले.

"बघा."

मी बाहेर पडले ती सरळ आयसीयूच्या बाकड्याकडं. आप्पा तिथं बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. माझं गप्प बसणंही सांगितलं. त्यानं पिशवी काढली. पाचही व्हायल गाठीतच होत्या, नाव, प्रकार, आकडा सगळं शाबूत. डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी त्याच्या खिशात. चोर समजून मोजून घेतलेल्या व्हायल.

"सिस्टर, तुमी हात जोडला तवा मी गप बसलो," आप्पा म्हणाला. मीही गप्पच बसले होते.

आता त्यानं तक्रार केली आहे. मी निपाणीकडच्या एका छोट्या दवाखान्यात आहे, पगार निम्मा. तिथं खोका मी मोठ्यानं वाचते, नाव, प्रकार, माणसाचं वजन, किती व्हायल. डॉक्टर चिडतात. चिडू देत. चुकीचं असेल तर मी व्हायल फोडत नाही, लिहून दिलं तरी नाही.

चौकशीचं बोलावणं आलंय. आक्का आईकडं येऊन रडून गेली. आई म्हणते, "आपल्याच मानसाचं नाव घ्याचं व्हय गं?"

घ्यायचं. डॉक्टरांचं घेणार, आक्काचंही घेणार. तिनं खोका वाचला होता हे सांगणार. मी सॉरी म्हणाले होते हेही सांगणार. ती समोर बसलेली असेल. असू दे. ह्या वेळी माझे हात जोडलेले नसतील.