पानात उरलेला वायसर

काल शेजाऱ्याने मोटारसायकल उघडली आणि पेट्रोलचा वास घरात आला. मला एकदम लालमती गावातलं आमचं जुनं अंगण दिसलं. लग्नानंतरचा पहिला गणपती होता. दुसऱ्या दिवशी हे मला लॉंग माउंटनला माहेरी नेणार होते आणि नेमकी गाडी बंद पडलेली. "मीच करतो," म्हणत ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उघडलं.

काही हरवू नये म्हणून मी केळीचं पान मांडलं आणि निघेल तो भाग जेवण वाढतात तसा ठेवत गेले. मिठाच्या जागी स्क्रू, लोणच्याच्या जागी स्प्रिंग, भाताच्या जागी काळाकुट्ट पिस्टन. जोडताना मी सांगायचे, "आता लोणच्याजवळचं घ्या."

शेवटी पानात एक वायसर उरला.

"पा ग्राव, काही बिघडत नाही, त्याच्यावाचून चालतंय," हे हात पुसत म्हणाले.

"पानात टाकून उठायचं नाही."

ह्यांनी रागाने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि सगळं परत उघडलं. सकाळी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

हल्ली ह्यांच्या ताटात रोज भात उरतो. मी बघते आणि काही न बोलता ताट उचलते.