कौसाबाईंचं लोंबतं पाऊल

"सोमवारी मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. पण सायब, माझी कंबर तर कधी दुखलीच नाय," असं म्हणत कौसाबाईंनी एमआरआयची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

पिशवीवर डॉ. सरनाईकांच्या हॉस्पिटलचं नाव होतं. माझ्या पोटात दुखलं. आम्ही एकाच बॅचचे. त्याच्या दारात दौलताबाद-सोयगावहून पेशंट घेऊन आलेल्या जीपगाड्या उभ्या, आणि माझा कंपाउंडर पेपरातलं कोडं सोडवतोय!

कौसाबाईंचं उजवं पाऊल घोट्यातून लोंबत होतं. चप्पल निसटायची, बोटं उंबऱ्याला अडकायची. रिपोर्टमध्ये मणक्याची गादी किंचित सरकलेली. त्या वयात ती बहुतेकांची सरकते, माझीही सरकली असेल. सरनाईक चुकलाय, या नुसत्या शंकेनेच मला केवढा आनंद झाला!

तपासलं. पाऊल वर उचलत नव्हतं, पण आत वळवण्याची ताकद शाबूत होती. मणक्यात नस दबली असती तर बहुधा तीही गेली असती. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला टिचकी मारली. बाई कळवळल्या.

"मुंग्या आल्या जी, पार अंगठ्यापोहोत!"

"काम काय करता?"

"अद्रक काढते. उकिडवं बसून माती झाडायची, दिवस मावळंस्तोर. उक्तं काम हाय, उठलं की मागं पडतं."

टिचकी मारली तिथे नस हाडाला चिकटून, कातडीच्या अगदी खाली असते. तासन् तास उकिडवं बसलं की ती दबते, तिचं आवरण सुजतं आणि खराब होतं. मग मेंदूचा निरोप पावलापर्यंत पोचत नाही.

मी भांडणाच्या तयारीनेच फोन लावला. "सरनाईक, ऑपरेशन थांबव. नस गुडघ्यापाशी दबली आहे."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आत्ताच पाठव, नर्व्ह कंडक्शन करू."

या टेस्टमध्ये बारीक करंट देऊन नसेतला निरोप कुठे अडतो ते पाहतात. तो गुडघ्याखालीच अडत होता. ऑपरेशन रद्द झालं. उकिडवं बसणं बंद, पावलाला पट्टी, व्यायाम. काही महिन्यांनी कौसाबाई चपला घालून ताठ चालत आल्या. पेढ्यांचा मोठा पुडा मात्र सरनाईककडे गेला. "मशीन त्यांची ना!"

पाऊल लुळं पडलं तर एमआरआयची फिल्म बघण्याआधी माणूस कामाला बसतो कसा, ते विचारावं. डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सरनाईकने हेच सांगितलं, टाळ्या घेतल्या. आणि वर निदान माझं होतं, हेही नाव घेऊन सांगितलं. ते गाळलं असतं, तर मला जळायला निदान एक सबळ कारण तरी मिळालं असतं.