दाबलेली पण न दिसणारी अक्षरं

नव्वदच्या दशकात मी एका साखर कारखान्याच्या साताऱ्यातल्या कार्यालयात काम करत होते. संगणक म्हणजे आतल्या खोलीतलं मुख्य मशीन आणि बाहेर त्याला जोडलेले दोन टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. एक माझा. दुसऱ्यावर माझी मैत्रीण ऊस लागणीच्या नोंदी भरायची. गाव पूर्ण भरून झालं की मगच त्या नोंदी साठवल्या जायच्या. मध्ये मशीन बंद पडलं तर ते गाव पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी तिला दुपारच्या एसटीने वडूजला पोचायचंच होतं. सैन्यातला भाऊ सुट्टी संपवून संध्याकाळी निघणार होता. आणि सकाळपासून भरत आणलेलं मोठं गाव संपत आलं होतं.

जेवणानंतर साहेब माझ्या टर्मिनलवर बसले. गाळपाचा अहवाल बघायला पासवर्ड लागायचा. तो चुकला असं वाटून त्यांनी मध्येच कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम तोडला. त्यानंतर काहीही टाइप केलं तरी पडद्यावर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड उलटा करून झटकला. टर्मिनल बंद करून चालू केला. तेच.

"मेन मशीनच बंद करून चालू करू," साहेब उठले.

"आवं साहेब, थांबा की!" मैत्रीण म्हणाली. "सगळं गाव जाईल माझं. भाऊ काय परत सुट्टी काढून येतोय व्हय?"

"बरं, चहा पिऊन येतो. तोवर बघा."

मी खुर्ची ओढली. एंटर दाबलं की पुढची आज्ञा मागणारं डॉलरचं चिन्ह त्याच ओळीत पुढे पुढे उमटत होतं. मुद्दाम काहीबाही अक्षरं दाबून एंटर मारलं, तर अशी आज्ञा सापडत नाही, असं इंग्रजीत उत्तर आलं. म्हणजे दाबलेलं सगळं आत पोचत होतं, फक्त दिसत नव्हतं.

मग उलगडा झाला. पासवर्ड कुणी वाचू नये म्हणून तो प्रोग्राम आधी मशीनला अक्षरं दाखवणं बंद करायला सांगायचा आणि पासवर्ड घेऊन झाला की पुन्हा सुरू करायला. तो मध्येच तोडल्यामुळे दुसरी सूचना राहून गेली. ही गोष्ट मुख्य मशीनने धरून ठेवलेली, त्यामुळे टर्मिनल बंद करून उपयोग नव्हता.

तोच प्रोग्राम पुन्हा चालवायचा आणि या वेळी पूर्ण होऊ द्यायचा. न दिसता प्रोग्रामचं नाव टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, आणि पासवर्ड मागणारी ओळ आली.

"साहेब आलं बघ चहा पिऊन," मैत्रीण पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"तू भर गं."

पासवर्ड मलाही ठाऊक होता; तो दिला, अहवाल उघडला, प्रोग्राममधून बाहेर पडले आणि एक अक्षर दाबलं. ते दिसलं.

"मग बंद करायला नको?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"नको साहेब."

मैत्रिणीने गाव साठवलं आणि पर्स उचलली. जाता जाता म्हणाली, "साहेब, पासवर्ड चुकला तर चुकू द्या. मशीन फकस्त न्हाई म्हणतंय. मधीच तोडू नका."

"पळ आता, गाडी जाईल," साहेब हसले.

दुसऱ्या दिवशी तिने भावासाठी केलेल्यांपैकी उरलेल्या करंज्या आणल्या. पहिली साहेबांनी उचलली.